एमटेक कॉम्प्युटरचं डिसर्टेशन: नेमकं काय काय लागतं

तिसरं सेमिस्टर सुरू झालं की एमटेकच्या मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. किती पानं लागतात, मार्जिन किती ठेवायचं, पेपर पब्लिश करावाच लागतो का, प्लॅजरिझम किती टक्के चालतं. बहुतेकांची उत्तरं खाली देते, पण त्याआधी जी गोष्ट कुठल्याच नोटीसमध्ये नसते आणि जिच्यावर व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती सांगते. डिसर्टेशनला एक प्रश्न लागतो. एकच, आणि असा की त्याचं उत्तर काय येणार हे सुरू करताना तुम्हाला माहीत नाही.

बीईला आपण प्रोजेक्ट केलेला असतो, सिस्टीम बनवली, चालली, डेमो दिला, मार्क मिळाले. तीच सवय एमटेकला येते आणि मग टायटल पडतं "मराठी ट्विटांचं सेंटिमेंट अॅनालिसिस, डीप लर्निंग वापरून", म्हणजे ट्विटमधली भावना चांगली की वाईट हे मशीनने ओळखायचं. यात वाईट काही नाही पण यात प्रश्नच नाही. पुण्याच्या एल३क्यूब या गटाने २०२१ मध्येच साधारण १६ हजार मराठी ट्विटांचा टॅग केलेला डेटासेट काढलाय, महासेंट नावाचा, त्यावर मॉडेलं चालवून आकडेही छापलेत. मग तुम्ही तेच परत केलंत तर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, विचारणारच की यातून नवीन काय कळलं, आणि तिथे "सर, मी जीयूआय पण केलाय" हे उत्तर चालत नाही.

आता त्याच विषयाचा प्रश्न करून बघू. आपल्यातले बरेच लोक फोनवर मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, मॉडेलं मात्र बहुतेक देवनागरीवर शिकलेली असतात. तर प्रश्न असा: देवनागरीवर शिकलेलं मॉडेल रोमन अक्षरांतल्या मराठीवर किती घसरतं, आणि आधी लिप्यंतर करून दिलं तर त्यातली किती घसरण भरून निघते? बस. या एका वाक्यातून पुढचं सगळं आपोआप निघतं. डेटा कुठला लागेल, तर तीच वाक्यं दोन्ही लिप्यांत. लिप्यंतराला काय वापरायचं, तर आयआयटी मद्रासच्या एआय४भारतचं इंडिकएक्सलिट आहे. कोणाशी तुलना, तर मल्टिलिंग्वल बर्ट हे अनेक भाषांचं मॉडेल आहे ज्यात १०४ भाषांत मराठीही येते, आणि गूगलचं भारतीय भाषांसाठीचं म्युरिल आहे. म्युरिल तर घ्यावंच लागेल कारण ते मुळातच लिप्यंतर केलेल्या मजकुरावरही ट्रेन झालेलं आहे, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कदाचित त्याच्याकडे आधीच असेल, आणि ते सोडलंत तर जाणकार एक्स्टर्नल पहिल्या पाच मिनिटांत तेच काढणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर "लिप्यंतराने काहीच फरक पडत नाही" असं आलं तरी डिसर्टेशन उभं राहतं. प्रश्न चांगला असेल तर दोन्ही उत्तरं चालतात. "आमचं मॉडेल सगळ्यात भारी" एवढंच सिद्ध करायला निघालात तर मात्र आकडे खाली आले की चौथ्या सेमिस्टरच्या शेवटी हातात काहीच राहत नाही, मग आकडे वाकवायचा मोह होतो आणि तिथून सगळं बिघडतं. म्हणून मी मुलांना सांगते, सिनॉप्सिस लिहायच्या आधी प्रश्न एका वाक्यात लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह द्या, आणि कॉम्प्युटरच्याच पण वेगळ्या विषयाच्या मित्राला वाचायला द्या. त्याला कळलं तर पुढे जा.

आता कॉलेजचं वेळापत्रक. मुंबई, पुणे, लोणेरे ही विद्यापीठं असोत की सीओईपी, व्हीजेटीआय, नावं आणि मार्कांची वाटणी जागोजागी वेगळी, कुठे स्टेज-१ स्टेज-२ म्हणतात कुठे पार्ट कुठे फेज, पण सांगाडा सारखाच. तिसऱ्या सेमिस्टरला टॉपिक मंजुरी, सिनॉप्सिस, लिटरेचर सर्व्हे आणि पहिलं प्रेझेंटेशन. चौथ्याला इम्प्लिमेंटेशन, रिझल्ट, रिपोर्ट, प्लॅजरिझम रिपोर्ट आणि एक्स्टर्नलसमोर व्हायव्हा. मधे प्रोग्रेस सेमिनार असतात, बऱ्याच ठिकाणी लॉगबुक असतं ज्यावर गाइडची सही लागते, ती दर आठवड्याला घ्या, शेवटी एकदम सगळ्या तारखांच्या सह्या मागायला गेलात तर कुठल्याही मॅडम वैतागतील आणि त्यांचं बरोबरच असेल. तुमच्या अभ्यासमंडळाचा सिलॅबस आणि पीजी कोऑर्डिनेटरची नोटीस या दोन गोष्टी प्रिंट काढून जवळ ठेवा, सीनियरने सांगितलेलं त्याच्या वर्षाचं असतं.

स्टेज-१ ला बहुतेक जण नुसत्या स्लाइड घेऊन येतात. माझं म्हणणं आहे की तोपर्यंत निदान एक जुनं, दुसऱ्याचं छापलेलं मॉडेल तुमच्या मशीनवर चाललेलं असावं आणि पेपरमधल्या आकड्याच्या आसपासचा आकडा तुम्हाला मिळालेला असावा. यालाच बेसलाइन म्हणायचं. हा आकडा जुळवायला वाटतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ जातो, लायब्ररीची व्हर्जन जुळत नाहीत, डेटा कसा विभागला ते पेपरमध्ये नीट दिलेलं नसतं, लेखकांना मेल टाकावा लागतो. हे सगळं तिसऱ्या सेमिस्टरला निस्तरलं की चौथं स्वतःच्या कामाला मोकळं मिळतं.

लिटरेचर सर्व्हेबद्दल फार नाही सांगत. गूगल स्कॉलर आणि डीबीएलपीवर शोधा, भाषेशी संबंधित विषय असेल तर एसीएल अँथॉलॉजीवर सगळे पेपर फुकट आहेत, एक चांगला पेपर सापडला की त्याला पुढे कोणी साइट केलंय ते बघत जा. सगळे पेपर पहिल्या दिवसापासून झोटेरोमध्ये, म्हणजे रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाका. आणि सर्व्हे म्हणजे "पेपर १ मध्ये हे केलं, पेपर २ मध्ये ते केलं" अशी वीस ओळींची टेबल नको. पेपरांचे गट करा, कोणत्या गटाने काय सोडवलं, कुठे थांबले, आणि तुमचा प्रश्न त्या थांबलेल्या जागेवरून कसा निघतो ते दिसलं पाहिजे. ते दिसलं की सर्व्हे झाला, मग पेपर ३० असोत की ६०.

आता प्रयोग, यावर जरा थांबते कारण डिसर्टेशन इथेच तरतं किंवा बुडतं.

पहिलं म्हणजे डेटा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नेटवर्क इंट्रूजन डिटेक्शन, म्हणजे नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणं, हा आपल्याकडे अजूनही आवडीचा विषय आहे आणि मुलं अजूनही केडीडी कप ९९ चा डेटा उचलतात. त्या डेटात ट्रेनिंगच्या (ज्यावर मॉडेल शिकतं) साधारण ७८ टक्के आणि टेस्टच्या (ज्यावर त्याची परीक्षा होते) ७५ टक्के नोंदी डुप्लिकेट आहेत हे २००९ मध्येच दाखवून झालंय, त्यावरूनच तर एनएसएल-केडीडी काढला. म्हणजे त्यावर ९९ टक्के अॅक्युरसी आली याला फारसा अर्थ नाही, मॉडेल बराचसा पाठ केलेलाच धडा म्हणून दाखवतंय. आणि एनएसएल-केडीडी घेतलात तरी त्यातलं ट्रॅफिक मुळात १९९८ चं आहे, आजच्या नेटवर्कबद्दल दावा करायचा असेल तर नवीन डेटा घ्यावा लागेल किंवा दावा तेवढा छोटा करावा लागेल.

दुसरं, टेस्ट डेटा ट्रेनिंगमध्ये गळणं. हे इतक्या वेळा होतं की मी कुणाचंही कोड उघडलं की आधी तेच बघते. आधी पूर्ण डेटावर नॉर्मलायझेशन (सगळे आकडे एका मापात आणणं) केलं आणि मग ट्रेन-टेस्ट वेगळे केले. आधी स्मोट लावून कमी संख्येचा क्लास वाढवला आणि मग वेगळे केले, त्यामुळे टेस्टमधल्या नोंदीपासून बनवलेली कृत्रिम नोंद ट्रेनिंगमध्ये आली. एकाच माणसाची ट्विटं दोन्हीकडे गेली. एकाच पेशंटचे एक्स-रे दोन्हीकडे गेले. यातलं काहीही झालं तर आकडे छान येतात आणि खोटे असतात. नियम सोपा आहे, सगळ्यात आधी टेस्ट बाजूला काढा, गट असतील तर गटाप्रमाणे काढा, आणि मग शेवटपर्यंत त्याला हात लावू नका, पॅरामीटर ठरवायला व्हॅलिडेशन सेट वेगळा ठेवा. आमच्या लिप्यंतराच्या उदाहरणात तर तेच वाक्य देवनागरीत ट्रेनिंगला आणि रोमनमध्ये टेस्टला गेलं तर अख्खा प्रश्नच निकालात निघाला.

तिसरं, एक आकडा म्हणजे पुरावा नव्हे. न्यूरल नेटवर्क प्रत्येक वेळी थोडं वेगळं शिकतं, रँडम सीड, म्हणजे सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, बदलला की एफ-१ स्कोर (मॉडेल किती बरोबर ओळखतं याचं एक माप) इकडेतिकडे होतो. तुमची सुधारणा ०.४ ची आणि सीडमुळे होणारा फरक ०.६ चा असेल तर तुम्ही काहीच दाखवलेलं नाही. किमान पाच सीडवर चालवा, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन दोन्ही द्या. क्लास कमीजास्त असतील तर नुसती अॅक्युरसी देऊ नका, सगळ्या क्लासना सारखं वजन देणारा मॅक्रो एफ-१ द्या आणि कोणता क्लास कशात गोंधळला ते दाखवणारी कन्फ्यूजन मॅट्रिक्स छापा. दोन मॉडेलं एकाच टेस्ट सेटवर असतील तर फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते बघणारी मॅकनेमार टेस्ट लावता येते, दहा ओळींचं काम आहे, आणि बेसलाइनलाही तेवढाच ट्यूनिंगचा वेळ द्या जेवढा स्वतःच्या मॉडेलला दिलात. हे शेवटचं फार कमी जण करतात.

मग अॅब्लेशन. तुमच्या पद्धतीत तीन नवीन गोष्टी असतील तर एकेक काढून चालवा, म्हणजे फायदा नक्की कशामुळे झाला ते कळतं. आणि चुकलेली उदाहरणं वाचा. शंभर चुका घेऊन बसा आणि त्यांचे प्रकार करा, उपरोध कळला नाही, "नाही" चुकीच्या ठिकाणी जोडलं, वऱ्हाडी किंवा मालवणी शब्द होता. मला विचाराल तर अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात वाचनीय दोन पानं हीच असतात, आणि इथे मराठी येणाऱ्या माणसाला जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

स्वतः डेटा टॅग करणार असाल तर किमान दोन माणसांनी वेगवेगळं टॅग करायचं आणि त्यांचं किती जुळलं ते कोहेनच्या कप्पाने मोजायचं. टॅग करायचे नियम आधी लिहून काढा, रिपोर्टला परिशिष्ट म्हणून जोडा. लोकांचे व्हॉट्सअॅप मेसेज वगैरे घेणार असाल तर लेखी संमती लागते, नावं-नंबर काढून टाकायचे, आणि कॉलेजची एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडे आधी जायचं, नंतर नाही.

मशीनचं रडगाणं सगळ्यांचंच असतं. गूगलच्या ऑनलाइन मशीनचं, म्हणजे फ्री कोलॅबचं, सेशन जास्तीत जास्त १२ तास चालतं आणि आधीही तुटू शकतं, म्हणून दर थोड्या वेळाने चेकपॉइंट ड्राइव्हवर सेव्ह करा. तशाच कॅगल या साइटवर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू, म्हणजे मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप, मिळतो. आपला प्रश्न आपल्याकडच्या जीपीयूत बसेल असाच निवडला तर त्यात कमीपणा काही नाही, छोट्या मॉडेलवर नीट केलेला प्रयोग मोठ्या मॉडेलवरच्या अर्धवट प्रयोगापेक्षा कधीही बरा.

तुमचा विषय मशीन लर्निंगचा नसेल, म्हणजे सिस्टीम्स, डेटाबेस, अल्गोरिदम, तर वरचं सगळं थोडं बदलून लागू होतं. सिस्टीम्समध्ये मशीन, कर्नल, कंपायलर फ्लॅग सगळं लिहा, नुसती सरासरी लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) देऊ नका, ९९ वा पर्सेंटाइलही द्या. थिअरी असेल तर प्रूफ पूर्ण लागतं, "सहज दाखवता येईल" असं लिहून सुटका नाही.

लिहायचं कसं

लॅटेकमध्ये, म्हणजे मजकुराची मांडणी आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहा. वर्डमध्येही होतं पण ८० पानांनंतर आकृत्यांचे नंबर आणि रेफरन्स सांभाळता सांभाळता जीव जातो, लॅटेक आणि बिबटेक ते आपोआप करतं आणि ओव्हरलीफवर काही इन्स्टॉलही करावं लागत नाही. फॉरमॅट बहुतेक कॉलेजांचा असा: ए-४, डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच, बाकी एक इंच, टाइम्स न्यू रोमन १२, दीड स्पेसिंग, आयईईई पद्धतीचे रेफरन्स. पुढची पानं, म्हणजे टायटल, सर्टिफिकेट, डिक्लरेशन, आभार, गोषवारा, अनुक्रमणिका, आकृत्या-टेबलांच्या याद्या, यांना रोमन आकडे आणि पहिल्या चॅप्टरपासून १. तुमच्या कॉलेजचा नमुना वेगळा असेल तर तोच पाळायचा, वाद घालत बसू नका, ती लढाई लढण्यासारखी नाही.

लिहिण्याचा क्रम मात्र उलटा ठेवा. आधी प्रयोगाची मांडणी आणि रिझल्ट, मग पद्धत, मग सर्व्हे, सगळ्यात शेवटी इंट्रोडक्शन आणि गोषवारा. कारण काय दाखवलं ते कळल्याशिवाय ओळख कुणाची करून देणार. "मशीन लर्निंग म्हणजे काय" वर १० पानं नकोत, वाचणारा प्राध्यापक आहे. कोडचे स्क्रीनशॉट नकोत, अल्गोरिदम स्यूडोकोडमध्ये द्या आणि कोडची लिंक द्या. आकृत्या स्वतः काढा, ग्राफ पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करा म्हणजे प्रिंटला फुटत नाहीत, आणि प्रत्येक ग्राफच्या दोन्ही अक्षांवर काय आहे ते लिहा. मर्यादांचा सेक्शन मनापासून लिहा, तुम्हीच तुमच्या कामातल्या फटी सांगितल्यात तर व्हायव्हात चर्चा होते, तुम्ही लपवल्यात तर उलटतपासणी होते.

प्लॅजरिझमचं: यूजीसीचे २०१८ चे नियम एमटेकलाही लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही नाही, १० ते ४० मध्ये सुधारून परत द्यायचं आणि त्याला जास्तीत जास्त सहा महिने, ४० ते ६० मध्ये एक वर्षापर्यंत सबमिट करायला बंदी, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. रेफरन्सची यादी, अनुक्रमणिका, आभार, अवतरणचिन्हात नीट साइट केलेला मजकूर हे मोजणीतून वगळायचं असतं, तेव्हा रिपोर्ट काढणाऱ्या लायब्ररीच्या माणसाला ती सेटिंग लावायला सांगा. आणि एक फार कामाची गोष्ट, ड्राफ्ट तपासताना तो टर्निटिनच्या, म्हणजे साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, रिपॉझिटरीत (साठ्यात) सेव्ह होऊ देऊ नका, "नो रिपॉझिटरी" निवडायला सांगा, नाहीतर शेवटच्या तपासणीत तुमचंच डिसर्टेशन तुमच्याच जुन्या ड्राफ्टशी जवळजवळ पूर्ण जुळतं आणि ऐन सबमिशनच्या आठवड्यात पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

टक्का खाली आणायला पॅराफ्रेझिंग टूल वापरू नका. ती टूलं "बिग डेटा"चं "कोलोसल इन्फर्मेशन" करतात, "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं "काउंटरफिट कॉन्शसनेस", आणि असे शब्द दिसले की पेपर संशयास्पद समजायचा हे २०२१ पासून जगभरच्या रिव्ह्यूअरना माहीत झालंय. मूळ पेपर बंद करा, काय कळलं ते स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहा, मग परत उघडून पडताळा. तुमचं इंग्रजी साधं आहे याचे मार्क कुणी कापत नाही. चॅटजीपीटीसारख्या टूलने व्याकरण तपासलंत तर कॉलेजचा नियम बघून तसं नमूद करा, पण रेफरन्स त्याच्याकडून कधीही घेऊ नका, अस्तित्वात नसलेले पेपर ते सहज बनवून देतं. प्रत्येक रेफरन्स तुम्ही स्वतः उघडून पाहिलेला असला पाहिजे.

पेपरचा प्रश्न. एमटेकला पेपर सक्तीचा आहे की नाही हे तुमच्या कॉलेजवर आहे, बऱ्याच ठिकाणी एक तरी मागतात. त्या सक्तीपायी मुलं पैसे भरून दोन दिवसांत पेपर घेणाऱ्या जर्नलकडे वळतात, आणि मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण वर्षभराचं चांगलं काम अशा जागी गेलं की ते कुणीच वाचत नाही आणि पुढे पीएचडीच्या इंटरव्ह्यूला ते नाव उलट नडतं. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता आपल्यावरच आहे. साधी परीक्षा: तुमच्या सर्व्हेमधले चांगले पेपर जिथे छापलेत तिथेच बघा. भारतीय भाषांवरचं काम असेल तर आयकॉन आणि फायर या दोन कॉन्फरन्स आहेत, आपल्याकडच्याच, साधारण डिसेंबरात भरतात, नीट रिव्ह्यू देतात. रिव्ह्यूला काही महिने जातात हे धरून तारखा मागे मोजा. पेपर रिजेक्ट झाला तरी आलेल्या कॉमेंट डिसर्टेशनला वापरता येतात, तीही कमाईच.

पीएचडीवाले पण विचारतात म्हणून थोडक्यात. यूजीसीचे २०२२ चे नियम: कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. पेपर पब्लिश करायची जी देशपातळीवर सक्ती २०१६ च्या नियमांत होती ती २०२२ मध्ये काढली, पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. थीसिस गाइडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि नंतर शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या थीसिसच्या ऑनलाइन भांडारात, चढतो, तिथे तो कुणालाही वाचता येतो. एमटेकवाल्यांनीही शोधगंगेवर जाऊन आपल्या विषयाचे दोन थीसिस वाचावेत, चांगला कसा असतो आणि ढिसाळ कसा असतो दोन्ही कळतं.

व्हायव्हासाठी स्लाइड पंचवीसच्या आत ठेवा आणि प्रश्न दुसऱ्याच स्लाइडवर टाका. विचारणार काय, तर हाच डेटा का, हीच बेसलाइन का, हा आकडा दुसऱ्या सीडवर किती येतो, टेस्ट कधी वेगळा काढला, उद्या सहा महिने जास्त मिळाले तर काय कराल. माहीत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" म्हणा आणि कसं तपासता येईल ते सांगा, ते उत्तर पूर्ण मार्कांचं असतं. सांगितलेल्या दुरुस्त्या तिथेच वहीत लिहून घ्या, गाइडला त्याच संध्याकाळी मेल करा, म्हणजे नंतर कुणाला काय आठवतं यावर अडत नाही.

हार्ड बाइंडिंग दुरुस्त्या झाल्यावरच करा, आधी करून ठेवू नका. रेक्झिनचा रंग आणि सोनेरी अक्षरांचा मजकूर नोटीसमध्ये दिलेला असतो, प्रती साधारण गाइड, डिपार्टमेंट, लायब्ररी आणि स्वतःची अशा. कोड गिटहबवर टाका, रीडमीमध्ये पायथनचं आणि लायब्रऱ्यांचं व्हर्जन, डेटा कुठून आणायचा, आणि प्रत्येक टेबलमधला आकडा कुठल्या कमांडने निघतो ते लिहा. मग त्याची एक प्रत झेनोडोवर ठेवा, फुकट आहे, सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवते, आणि कायमचा डीओआय (ओळख क्रमांक) मिळतो जो रिपोर्टमध्ये छापता येतो. पुढच्या बॅचचा कुणी तुमची बेसलाइन जुळवायला बसेल तेव्हा त्याला तुम्हाला मेल न टाकता ती चालवता आली पाहिजे.